टेंडर म्हणजे कोवळं

२० जानेवारी, सोमवार

आज सकाळी साडेसातला दवाखान्याच्या पायरीवर बसून इरमला फोन लावला आणि विचारलं, टेंडर म्हणजे काय गं?

पोरगी हसली. म्हणाली, अब्बा, आता रस्त्याची कामं घेणार का? मग गाद्या कोण भरणार? मी म्हटलं, तसलं टेंडर नाही. पोटाचं. डॉक्टर कागदावर लिहितात ते. धुळ्याला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ड्युटीवर निघायच्या घाईत होती. "दाबल्यावर दुखतं, अब्बा. सॉफ्ट लिहिलं असेल तर पोट मऊ आहे, ताठ झालेलं नाही, म्हणजे बरं. टेंडर लिहिलं असेल तर हात लावला की पेशंट कळवळतो. ते बरं नाही. का, कोणाचं आहे?"

मी म्हटलं, कोणाचं नाही, एक गिऱ्हाईक विचारत होतं.

आत गजराबाई आहे. हिलाल पाटलाची बायको. काल संध्याकाळी रनाळ्याहून गाडी करून आणली. डॉक्टरांनी हिलालच्या हातातला जुना कॅम्पचा कागद बघितला आणि सिस्टरला म्हणाले, तीन हप्त्यांपूर्वीच टेंडर होतं, इतके दिवस काय केलं या लोकांनी? मी मागे उभा होतो. तो शब्द ऐकला आणि माझे कान तापले. कारण तो कागद मी वाचला होता.

जसं झालं तसं लिहून ठेवतो. २९ डिसेंबर, रविवार. इथे नंदुरबारला पोटाच्या तपासणीचा फुकट कॅम्प होता. तिथून नवरा-बायको सरळ माझ्या दुकानात आले. माझी बायको महजबीन खोळी शिवत होती. गजराबाई नव्या गाद्यांच्या थप्पीला टेकून बसली. हिलालने खिशातून कागद काढला. "जह्या, वाच रे. तुले इंग्रजी येस." रनाळ्याच्या शाळेत एका बाकावर बसायचो आम्ही. दहावीला इंग्रजीत मला एकाहत्तर, त्याला एकोणीस. तेव्हापासून त्याच्या घरातला इंग्रजी कागद माझ्याकडेच येतो. बियाण्याची पाकिटं, विम्याची पत्रं, गोळ्यांच्या पट्ट्या. आता तर इथली गल्लीही आणते. मलाही बरं वाटतं. वाटायचं.

कागदावर चार ओळी. त्यातले दोनच शब्द लागले — सॉफ्ट आणि टेंडर. सॉफ्ट कोणालाही माहीत. टेंडर आम्हाला आठवीत रूपचंद सरांनी शिकवलं होतं. टेंडर लीव्ह्ज, कोवळी पानं. फळ्यावर पिंपळाचं पान काढून दाखवलं होतं त्यांनी. मी चष्मा कपाळावर सरकवला आणि सांगितलं, पोट मऊ आहे, कोवळं आहे. काळजीचं कारण नाही.

गजराबाई हसली. "मऊ शे ना? मंग खोळ शिवा अन् गादीच भरी टाका, भाऊ." महजबीनही हसली. चहा झाला. मिरचीची तोडणी चालू होती, दोघं घाईने गेले.

खालच्या दोन ओळी मला वाचताच आल्या नव्हत्या. ते मी बोललो नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

ऑपरेशन झालं. पित्ताची पिशवी आतल्या आत फुटली होती. पू सगळीकडे. वर साखर वाढलेली.

डॉक्टर बाहेर आले, तो कागद पुढे धरला. इथे लिहिलंय, सोनोग्राफी करा, सर्जनला दाखवा, लवकर. कोणाला दाखवला होता का हा? म्हणजे त्या दोन ओळी ह्या. हिलाल जमिनीकडे बघत म्हणाला, "नही साहेब. कोनलेच नही."

मी त्याच्या शेजारी उभा होतो. हातात चहाचा थर्मास. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही तोंड उघडलं नाही.

त्याने मला वाचवलं — आणि मी वाचलो!

२२ जानेवारी, बुधवार

दुपारी थोडा वेळ शुद्धीवर होती. मला ओळखलं. "भाऊ, दुकान टाकीसन आठे काब्र बठनात?" दुकान सोडून इथे का बसलात म्हणे. आवाज पार खोल गेलेला.

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. हिलाल औषधं आणायला गेला होता. तेव्हा सांगता आलं असतं. एक वाक्य तर होतं. मी म्हटलं, हल्ली गिऱ्हाईक कमी आहे वहिनी. थंडी संपत आली.

२४ जानेवारी, शुक्रवार

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी गेली.

दुपारी जुम्म्याला गेलो. सगळ्यांनी दुआला हात उचलले, मीही उचलले. मागायचं काय, ते सुचलं नाही. तसेच रिकामे हात तोंडावरून फिरवले.

२५ जानेवारी, शनिवार

काल संध्याकाळी रनाळ्यात अग्नी दिला. मी खांदा दिला. जड नव्हती.

धीरज सुरतहून पोचला तेव्हा तिरडी बांधून तयार होती. एकुलता एक पोरगा, पंचवीस वर्षांचा, तिकडे कापडाच्या कारखान्यात आहे. आईचं तोंड बघितलं आणि उठून बापासमोर उभा राहिला. गाव जमलेलं. "तीन हप्ता काय करी ऱ्हायनात तुम्ही? मिरच्या तोडी ऱ्हायनात?" म्हाताऱ्या माणसांनी त्याला दंडाला धरून बाजूला नेलं. हिलाल एक शब्द बोलला नाही.

त्याला एकच वाक्य बोलायचं होतं. जह्याने ‘काही नाही’ असं सांगितलं, म्हणून नेली नाही. बोलला असता तर पोराचा राग माझ्याकडे वळला असता. नाही बोलला. पोराच्या शिव्या खाल्ल्या, गावासमोर.

आमच्यात माती देतात. नंतर वाटलं तर कबरीपाशी जाऊन उभं राहता येतं, मनातलं बोलता येतं. हिची तर राखही उद्या पाण्यात जाणार. मी जाऊन उभा कुठे राहू?

२८ जानेवारी, मंगळवार

शब्दकोश काढला. धुळ्याच्या रद्दीवाल्याकडून घेतलेला, पाठीला मीच खोळीचं कापड चिकटवलंय. वीस वर्षं कपाटात आहे. त्या दिवशी दुकानातून घरात चार पावलं टाकून तो बघावा असं वाटलं नाही. एकाहत्तर मार्क ना!

पहिल्या ओळीत — कोवळा, मृदू, नाजूक. दुसऱ्या ओळीत — हळवा, स्पर्शाने दुखणारा. दोन ओळींत अर्ध्या बोटाचं अंतर.

हळवा. शब्द आपलाच निघाला. महजबीनची दाढ हळवी झाली होती तेव्हा मीच तिला म्हटलं होतं, हळव्या बाजूने चावू नकोस. कागदावर तोच शब्द इंग्रजीत समोर आला तर मी त्याला पिंपळाचं पान समजलो.

दिवसभर मशीनवर रुई पिंजताना हेच डोक्यात. सॉफ्ट पण मऊ, टेंडर पण मऊ. मग दोन शब्द कशाला? आता समजतंय असं वाटतं. सॉफ्ट म्हणजे ती वस्तू माझ्या हाताला कशी लागते. टेंडर म्हणजे माझा हात तिला कसा लागतो. एकात दाबणाऱ्याची गोष्ट, दुसऱ्यात दाबल्या जाणाऱ्याची. मी पस्तीस वर्षं दाबणाऱ्याच्या बाजूने मऊपणा पारखतोय. गिऱ्हाईक विचारतं, भाई, मऊ आहे ना? मी मूठ दाबतो, सोडतो, सांगतो. रुईला दुखत नाही. म्हणून दुसऱ्या शब्दाचं काम कधी पडलंच नाही.

एवढं समजायला एक बाई जावी लागली.

२ फेब्रुवारी, रविवार

दहावा. धीरजने डोकं भादरलं. बाप-लेक पाण्यात उभे होते, मध्ये दोन माणसं उभी राहतील एवढी जागा सोडून.

दारावर सांत्वनाला येणारे माझ्याशी येऊन बोलत होते. भाऊबंद असून कोणी इतकं करत नाही, जहीरभाई पाच दिवस दवाखान्याच्या पायरीवर होता, धंदा सोडून. एका म्हाताऱ्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. मला तो सोडवून घेता येईना.

इतक्या लोकांनी एका दिवशी माझं कौतुक आजवर केलं नव्हतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

शेजारची रूपलीबाई नातवाच्या औषधाची बाटली घेऊन आली, किती चमचे ते वाच म्हणून. चष्मा फुटलाय सांगितलं. चष्मा खिशातच होता. तिला मेडिकलवाल्याकडे पाठवलं आणि ती परत येऊन किती चमचे ते सांगेपर्यंत दारात उभा राहिलो.

९ फेब्रुवारी, रविवार

हिलाल गादी घेऊन आला. गजराबाईची. गावात म्हणत होते, टाकून दे, मेलेल्या माणसाचं अंथरूण ठेवू नये. तो म्हणाला, पिंजून नवी करून दे, मी झोपेन तिच्यावर. त्यांच्या लग्नात माझ्या वडिलांनी आणि मी भरलेली गादी. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मीच पुन्हा पिंजून दिली होती.

खोळ उसवली. आमच्या धंद्यात गादीपासून काही लपत नाही. सरळ झोपणाऱ्याचा खड्डा लांबट असतो, कुशीवर झोपणाऱ्याचा खांद्याशी आणि कमरेशी खोल. हिच्या गादीत आडवं पडल्याचा खड्डाच नव्हता. डोक्याच्या बाजूला, जिथे भिंत येते, तिथे एकच खड्डा, परातीएवढा. तिथली रुई दगड झालेली, बोट जाईना. पायाकडची बाजू जवळजवळ कोरी. बसून काढलेल्या रात्रींची गादी. आणि असा खड्डा तीन हप्त्यांत पडत नाही. वर्ष नाही तरी आठ-दहा महिने लागतात.

हाताने मला हे एका मिनिटात वाचता आलं.

विचारलं, वहिनी बसून असायच्या का रे? तो म्हणाला, "बठे कधी कधी. पित्त शे म्हने." मग बाहेर जाऊन उभा राहिला, रस्त्याकडे तोंड करून. मी आणखी विचारलं नाही. माझा तोंड उघडायचा हक्क तसाही गेलेला आहे.

ती रुई मशीनमध्ये टाकली नाही. वडिलांची जुनी पिंजण माळ्यावरून काढली आणि हाताने पिंजली. खांदा भरून आला. बरं वाटलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काल शब-ए-बरात. मोबाइलवर सकाळपासून तेच — कहा-सुना माफ करना, कोई गलती हुई हो तो माफ करना. ज्यांनी माझं काही बिघडवलं नाही ते माफी मागतात. मी ज्यांचं काही बिघडवलं नाही त्यांना मीही तेच पाठवलं. साठ-सत्तर लोकांना. हिलालच्या नावावर बोट गेलं आणि थांबलं. त्याला असा आलेला निरोप तसाच पुढे पाठवायचा?

मौलाना दर वर्षी सांगतात, काल पुन्हा सांगितलं. अल्लाहशी केलेली चूक अल्लाह माफ करतो. बंद्याशी, म्हणजे माणसाशी, केलेली चूक तो बंदाच माफ करेल, त्याआधी वरून काही होणार नाही. लहानपणापासून ऐकतोय. ज्याच्याशी चूक केली तो राहिला नसेल तर काय, हे विचारायला मी नंतर थांबलो होतो. बाकीचे लोक होते म्हणून निघून आलो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

धीरज दुकानात आला होता. डोक्यावर बोटभर केस आलेत. आईसारखं कपाळ.

गाद्यांच्या थप्पीला टेकून बसला. मग म्हणाला, एक तारखेला सुरतला जातोय, शनिवारी दुपारच्या एसटीने. आता परत यायचं नाही. तिकडे खोली केलीय. बापाचं तोंड बघितलं की आई आठवते, ती तळमळत होती आणि हा माणूस शेतात मिरच्या तोडायला बायका लावत होता. मी म्हटलं, एकटा पडेल रे तो. तो म्हणाला, पडू दे.

जाताना दारात थांबला. "काका, तुम्हाला माहीत असेल. त्यांनी का नेलं नाही तिला? मला विचारलं तर बोलतच नाहीत. काही कारण असेल तर सांगा. कसलंही सांगा. मी थांबेन."

पोरगा कारण मागत होता. बापाला माफ करायला एखादं कारण. ते माझ्या तोंडात होतं.

मी म्हटलं, बाप आहे तुझा, सांभाळून घे.

तो मान हलवून गेला. गेल्यावर महजबीनने हाक मारली, जेवायला चला.

२३ फेब्रुवारी, रविवार

रनाळ्याला जायचं म्हणून स्टँडवर गेलो. गाडी लागली. माणसं चढली. मी पाण्याची बाटली घेऊन परत आलो.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

महजबीनला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून.

सकाळी दोघं गादीला टाके घालत होतो, ती एका बाजूने, मी दुसऱ्या. मान वर न करता म्हणाली, "कागज की बात है ना?" ती त्या दिवशी तिथेच होती, हे मी विसरूनच गेलो होतो. इतके दिवस ती गप्प, मी गप्प.

सांगून टाकतो म्हटलं. ती नको म्हणाली. आरडाओरडा नाही, हळूच, पण पक्कं. बाई तर परत येणार नाही. पोरगा बापावर चिडलाय, तुमच्यावर चिडेल, एवढंच. आणि गावात गोष्ट जाईल ती कागदाची म्हणून जाणार नाही. पिंजाऱ्याने पाटलाची बायको घालवली, अशी जाईल. दिवस कसे आहेत ते बघा. इरमचं अजून सगळं व्हायचंय.

तिचं खोटं नाही. मलाही तीच भीती आहे, वर आणखी एक. हिलालच्या घरात माझा पाट कधी वेगळा नव्हता. गजराबाईने तो वेगळा होऊ दिला नाही. उद्या धीरज मला दारातून परत पाठवेल. पण आज मी त्याच्या दारात बसतो तो कशाच्या बळावर? त्याचा बाप गप्प आहे त्याच्या बळावर.

महजबीनला हे सगळं बोललो नाही. एवढंच म्हटलं, परवा चाँद दिसला तर रोजे सुरू. हे पोटात ठेवून मी रोजा कसा धरू? ती टाके घालत राहिली. दोरा तोडून म्हणाली, "जाना तो खा के जाना. बीच में चक्कर आएगा."

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या दुपारची एसटी. मी सकाळीच निघतो.

१ मार्च, शनिवार

सांगितलं.

हिलालच्या ओट्यावर, धीरजची बॅग मध्ये ठेवलेली, दोघं समोर. कागद मी वाचला, चूक वाचला, अर्धा वाचता आला नाही ते लपवलं, आणि तुझा बाप महिनाभर माझ्यासाठी गप्प राहिला. असं सगळं एका दमात. धीरज माझ्याकडे बघत उभा राहिला. तो काही बोलायच्या आधी हिलाल बोलला, माझ्याशी नाही, पोराशी.

"तो खोटं नही सांगे. पन मी त्याच्यासाठी गप नव्हतू. डॉक्टरनी माले कॅम्पमाच तोंडे सांगेल व्हतं, मोठा दवाखानामा ली जा, उशीर नको करू. तोडणी व्हती. मी जह्याकडे कागद लयना, तो काही नही म्हनी म्हनीसन."

मी काही नाही म्हणेन, म्हणून तो माझ्याकडे आला होता.

समोर एसटी आली, थांबली, कंडक्टरने दोनदा घंटी मारली. धीरज बॅगेवर बसून होता. आम्हीही बसून होतो. गाडी गेली.